चित्रासमोर फुलं मांडताना: खान्देशातल्या एका छोट्या संग्रहालयाचं प्रकरण

पार्श्वभूमी

जळगाव जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, जुन्या दगडी वाड्यात एका न्यासाचं छोटं संग्रहालय आहे. गावाचं नाव आणि माणसांच्या ओळखी इथे मुद्दाम दिलेल्या नाहीत. पितळी भांडी, पोथ्या, थोडी नाणी आणि दोन खोल्या भरून चित्रं, एवढाच संग्रह. चित्रं मोठ्या नावांची नाहीत. बहुतेक याच भागातल्या ड्रॉइंग मास्तरांनी आणि हौशी छायाचित्रकारांनी केलेली. वर्षातून एकदा त्यातली काही निवडून प्रदर्शन भरतं. उद्घाटनाला गाव येतं, चहा होतो, आणि पुढचे दिवस पहारेकरी दाराशी एकटा बसून असतो.

हे बदलावं म्हणून एका विश्वस्तांनी, त्यांना सगळे अप्पा म्हणतात, एक कल्पना मांडली. बॉस्टनच्या म्युझियम ऑफ फाइन आर्ट्समध्ये १९७६ पासून ‘आर्ट इन ब्लूम’ नावाचा उपक्रम चालतो. वसंतात काही दिवस निवडक कलाकृतींशेजारी त्यांच्यावरून सुचलेल्या पुष्परचना ठेवतात. अप्पांनी त्याची छायाचित्रं पाहिली होती. “आपल्याकडे फुलं कमी आहेत का?” असं त्यांनी बैठकीत विचारलं आणि ठराव झाला. मी पुष्परचना शिकवते, म्हणून मांडणीची जबाबदारी माझ्याकडे आली.

चार कलाकृती ठरल्या. पहिली, अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीची, म्हणजे हाती कमळ घेतलेल्या बोधिसत्त्वाची, जलरंगातली प्रतिकृती, एका दिवंगत ड्रॉइंग मास्तरांनी कागदावर केलेली. दुसरं, कानबाई या खान्देशातल्या देवीच्या मिरवणुकीचं मोठं चित्र. तिसरं, उन्हाळ्यातल्या तापीकाठाचं तैलचित्र, ज्यात तीन चतुर्थांश भाग नुसती वाळू आणि आभाळ. चौथं, एक कृष्णधवल छायाचित्र. चाळीसगावच्या केकी मूस (१९१२–१९८९) यांनी टेबलावर छोट्या वस्तू मांडून, प्रकाश खेळवून अख्खे देखावे उभे केले. त्याच वाटेने जाणाऱ्या एका स्थानिक छायाचित्रकाराचं हे काम: टेबल, वाटी, काडी आणि लांबलचक सावली.

तारखा फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यातल्या, तीन दिवस. रात्री गारवा, दुपारी मात्र पारा पस्तिशीच्या घरात. वाड्यात वातानुकूलन नाही, एक मोठा कूलर आहे.

अडचण

पहिल्या बैठकीतच दिसलं की ‘चित्रावरून फुलं’ या दोन शब्दांचा अर्थ प्रत्येकाच्या मनात वेगळा होता. अप्पांच्या डोळ्यांसमोर लग्नाच्या स्टेजसारखी भरगच्च सजावट होती. गावातले एक डेकोरेटर ती फुकट करून द्यायला तयारही होते. बदल्यात त्यांचा फलक दाराशी लागणार होता. रचना करणाऱ्या कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांना वाटत होतं की चित्रातले रंग बघायचे आणि त्या रंगांची फुलं आणायची. संग्रहालयाचं काम पाहणाऱ्या ताईंना तर ही कल्पनाच धोक्याची वाटत होती, आणि त्यांची भीती अगदी खरी होती.

फुलं संग्रहालयात येतात तेव्हा एकटी येत नाहीत. पाकळ्यांत फुलकिडे असतात, देठांवर मावा असतो, पाण्याबरोबर दमटपणा येतो, परागकणांचे डाग पडतात. कागदावरच्या जलरंगाला दमटपणा म्हणजे बुरशीला आमंत्रण. जुन्या छायाचित्राच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. ओल धरली की तो फुगतो, चिकट होतो. त्यातून इथली हवा अशी, की कूलर लावला तर आर्द्रता वाढते आणि बंद केला तर फुलं दुपारीच मान टाकतात. चित्राला जे हवं ते फुलांना नको, आणि फुलांना हवं ते चित्राला नको. पुढचे बहुतेक निर्णय या एका पेचातून निघाले.

दुसरी अडचण बाजाराची होती. जवळपासच्या शेतांतून झेंडू, शेवंती, निशिगंध, गलांडा, देशी गुलाब येतो. जरबेरा, ऑर्किड, कार्नेशन मागवायचं तर नाशिक-पुण्याकडून, आणि ते दिवस लग्नतिथींचे होते. भाव सकाळी एक, संध्याकाळी दुसरा.

समोर असलेले पर्याय

डेकोरेटरचा पर्याय पैशाच्या दृष्टीने सोपा होता. तो नाकारायला कारणं द्यावी लागली. त्यांचं सगळं काम फुलं खोचायच्या हिरव्या फोमवर चालतं. हा फोम फिनॉल-फॉर्माल्डिहाइडच्या रेझिनचा असतो, कुजत नाही, चुरा होऊन मातीत आणि पाण्यात राहतो. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांतून तो बाद केला. पण माझा मुख्य आक्षेप वेगळा होता. लग्नाची सजावट माणसाला चौकट पुरवते, फोटोत मागे राहते. इथे फुलांनी चित्राशी बोलायचं होतं, आणि समोर उभ्या माणसाने पुन्हा मान वळवून चित्राकडे बघायला हवं होतं. डेकोरेटरभाऊंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी समजून घेतलं. अंगणातला मांडव त्यांनी केला.

कापडाची किंवा कागदाची फुलं वापरावीत असं ताईंनी सुचवलं. जतनाच्या बाजूने यात काहीच खोट नव्हती. पण अप्पांना जिवंत फुलं हवी होती, आणि खरं सांगायचं तर मलाही. फूल तीन दिवसांत बदलतं, चित्र बदलत नाही. दोन्ही शेजारी ठेवण्यात मजा आहे ती यामुळेच.

तिसरा पर्याय असा की रचना ओसरीवर ठेवायच्या आणि शेजारी चित्रांच्या छापील प्रती लावायच्या. मूळ चित्रं आत सुखरूप. हा बराच वेळ चर्चेत राहिला. शेवटी विद्यार्थ्यांनीच तो खोडला: माणूस ओसरीवरच फुलं बघून परत जाईल, आत येणारच नाही.

मग मधली वाट ठरली. प्रत्येक चित्रासाठी वेगळा नियम. जलरंग आणि कानबाईच्या चित्रासमोर ताजी फुलं, पण किमान सहा फुटांवर आणि काचेच्या चौकटीतल्या चित्रासमोरच. छायाचित्रासमोर फक्त वाळलेलं साहित्य, पाण्याचा थेंबही नाही. सगळं काम मागच्या अंगणात. प्रत्येक फांदी पांढऱ्या कागदावर झटकायची, किडा पडला तर ती बाद. माती नको, धान्य नको, फळ नको. फुलांवर पाण्याचा फवारा आत मारायचा नाही. लिलीचे परागकोश अंगणातच काढायचे. चित्रांच्या खोल्यांतला कूलर तिन्ही दिवस बंद, आणि त्याऐवजी वेळ बदलायची: सकाळी आठ ते बारा, संध्याकाळी पाच ते आठ. दुपारी दारं-खिडक्या लावून वाडा थंड ठेवायचा. उन्हाळ्यात इथल्या घरांत तसंही हेच चालतं, त्यामुळे कोणाला विचित्र वाटलं नाही.

फुलांआधी कोळसा

विद्यार्थ्यांचा पहिला प्रयत्न रंग जुळवण्याचा होता. पद्मपाणीसाठी त्यांनी तपकिरी-पिवळ्या छटांची शेवंती आणि नारिंगी जरबेरा एकत्र बांधला. रंग अगदी बरोबर होते. तरी त्यातून पद्मपाणी कुठे दिसेना. एखाद्या सत्कारात देता येईल असा तो गुच्छ होता.

अजिंठ्याच्या बाबतीत रंग जुळवण्यात आणखी एक फसगत आहे. आपण ज्याला अजिंठ्याचा रंग समजतो त्यातला मधाळ पिवळेपणा पूर्णपणे चित्रकाराचा नाही. निजाम सरकारने १९२० च्या सुमारास बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी चित्रांवर शेलॅकचा, म्हणजे लाखेच्या रोगणाचा, लेप दिला आणि तो पुढे पिवळा पडला. आमच्या मास्तरांनी जे समोर दिसलं ते प्रामाणिकपणे उतरवलं. म्हणजे प्रतिकृतीच्या रंगाला फुलं जुळवायची तर आपण लेपाला फुलं जुळवत बसणार.

म्हणून फुलं बाजूला ठेवली. प्रत्येकाला कोळशाची कांडी दिली आणि सांगितलं, डोळे बारीक करून चित्र बघा आणि कागदावर फक्त तीन रेषा ओढा. चित्राचं वजन कुठे आहे, नजर कुठून शिरते आणि कुठे थांबते, रिकामी जागा किती आहे. मोबाइलवर चित्राचा फोटो काढून त्याचा रंग काढून टाका आणि उजेड-अंधार कसा विभागलाय ते बघा. हे दोन दिवस चाललं. मुलं कंटाळली, पण तापीच्या चित्रावर एका मुलीने दोनच आडव्या रेषा काढल्या आणि तिसरी काढायला नकार दिला तेव्हा मला वाटलं, आता फुलांना हात लावायला हरकत नाही.

एक चाचणीही ठरवली. रचना तयार झाली की ती चित्रांपासून लांब, अंगणात ठेवायची आणि काम न केलेल्या माणसाला विचारायचं: ही चारपैकी कोणत्या चित्राची? पहारेकरी काका, शेजारचे चहावाले, विद्यालयाचे शिपाईकाका, सगळ्यांना विचारलं. रंगावर उभ्या असलेल्या रचना इथे वारंवार पडल्या. रेषेवर उभ्या असलेल्या ओळखू आल्या.

पद्मपाणी

पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातलं हे चित्र त्रिभंगात उभं आहे. मान एका बाजूला कलते, खांदा दुसरीकडे, कंबर पुन्हा पहिल्या बाजूला. उजव्या हातात निळं कमळ, नजर खाली. गर्दीने भरलेल्या अंधाऱ्या पार्श्वभूमीतून हा एकच उजळ देह सावकाश वळत बाहेर येतो.

साहजिकच सगळ्यांनी कमळं मागितली. जवळच्या तळ्यातून ती आणलीही. कमळाचा तोडलेला कळा पाण्यात ठेवला तरी सहसा उमलत नाही, आणि उमललेलं फूल दुसऱ्या दिवशी कडांनी काळं पडतं. देवळात पाकळ्या हाताने मागे दुमडतात ती युक्ती करून पाहिली; सकाळी सुंदर, संध्याकाळी मलूल. निळं कमळ, म्हणजे पोयणीच्या कुळातलं, तर दिवसाच्या ठरावीक वेळी मिटून जातं. प्रदर्शन संध्याकाळी पुन्हा उघडणार आणि फूल तोवर मिटलेलं.

तोडगा केळीच्या बागेतून आला. यावल-रावेर पट्ट्यातल्या एका विद्यार्थ्याने घरून केळफुलं आणली. घडाच्या फण्या पुऱ्या झाल्या की शेतकरी खालचं केळफूल कापून टाकतात, ते बांधावर पडून असतं. त्याचा वांगी-तांबडा रंग, वरचा मंद पांढरट थर, आणि वाकलेल्या दांड्याचा नैसर्गिक बाक. तीन दांडे एकाखाली एक अशा कोनात बसवले की नजर वरून डावीकडे, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे उतरत जाते. सगळ्यात वरचं केळफूल खाली झुकलेलं. निळं काहीच ठेवलं नाही. मागे गर्द हिरव्या पानांचा दाट, न उजळणारा पडदा.

केळीचा चीक ही मोठी धास्ती होती, कारण त्याचा डाग निघत नाही. दांडे आदल्या संध्याकाळी कापून रात्रभर अंगणात उलटे टांगले, चीक निथळू दिला, सकाळी कापलेल्या तोंडांवर वितळलेलं मेण लावलं आणि मगच आत नेले. खाली जड पिनहोल्डर, म्हणजे देठ रोवायची खिळ्यांची बैठक, त्याभोवती कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात ती तारेची जाळी. घडवंचीवर पांढरं कापड घालायचा बेत रद्द केला.

केळफुलाचं एकेक पान रोज आपोआप उचलतं आणि मागे वळतं, त्यामुळे रचना दररोज थोडी वेगळी दिसत होती. कोरड्या हवेत दुसऱ्या दिवशी कडा करपायला लागल्या. मुलाचे वडील सकाळी दुधाच्या गाडीबरोबर ताजी केळफुलं पाठवत राहिले. त्यांना पैसे द्यायला गेलो तर हसले. त्यांच्या दृष्टीने तो बांधावरचा कचरा होता.

इथे एक जुनी गोष्ट विद्यार्थ्यांना मुद्दाम सांगितली. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला करायला मेजर रॉबर्ट गिल १८४४ पासून राबले. त्यांच्या बहुतेक नकला १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. ते पुन्हा कामाला लागले आणि १८७९ मध्ये गेले. त्यांची कबर भुसावळला आहे. नकलेची नक्कल करताना मन लावून काम करायला हरकत नाही, हे मुलांना त्यातून समजलं असं मला वाटतं.

कानबाई

श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी खान्देशातल्या घराघरांत कानबाई बसते आणि सोमवारी वाजतगाजत विसर्जनाला निघते. चित्रात ती मिरवणूक आहे: डोक्यावर कानबाई घेतलेल्या बाया, डाव्या कोपऱ्यातून वर उजवीकडे सरकणारी गर्दी, सगळीकडे पिवळं.

या चित्रासाठी विद्यार्थ्यांची एकही रचना जमेना. भांड्यात खोचलेली फुलं उभी राहतात, आणि हे चित्र चालतं. देवळाबाहेर हार विकणाऱ्या एका मावशींकडून आम्ही झेंडू घेत होतो. फुलं पोचवायला त्या अंगणात आल्या होत्या. चित्राकडे थोडा वेळ बघून म्हणाल्या, “याले भांडं कायले? हार सोडा ना वरून.”

त्या दिवसापासून मावशींनी या रचनेचा ताबा घेतला. छताच्या कडीपासून जमिनीपर्यंत तिरका उतरणारा एकच जाड हार त्यांनी ओवला. चित्रात गर्दी जिथे दाट आहे तिथे झेंडू गच्च, एकमेकांत रुतलेला. जिथे माणसं विरळ होतात तिथे गलांडा, मग सुट्टी शेवंती, आणि शेवटी नुसता पाला व दोरा. मोजमाप काही नाही, सगळं नजरेने. दोऱ्याचा ताण कुठे सैल सोडायचा म्हणजे हार वळेल, हे त्यांच्या बोटांना ठाऊक होतं. इतकी वर्षं पुष्परचना शिकवताना लय हा शब्द मी अनेकदा वापरला आहे. ती हातातून अशी सुटताना क्वचित पाहिली. पाण्याशिवाय झेंडूचा हार जेमतेम दीड दिवस टवटवीत राहतो, म्हणून रोज पहाटे नवा ओवला जाई.

पहिल्याच सकाळी नवा प्रश्न उभा राहिला. बायका चित्रासमोर येऊन चपला काढायला लागल्या. नमस्कार झाला, घडवंचीवर दहाच्या नोटा आल्या, कोणी डोक्यातलं फूल काढून ठेवलं, आणि एका आजींनी हळद-कुंकवाची डबी उघडली. हळदीची बारीक पूड उडून चौकटीच्या फटीतून आत जाते. ताईंचा चेहरा उतरला. पहारेकरी काका अडवायला निघाले होते, त्यांना थांबवलं.

काय करता येईल यावर तिथेच ओसरीवर बोलणं झालं. दोर लावून लांब ठेवायचं, तर देवीला दोराआड ठेवल्यासारखं दिसेल. चालू द्यायचं, तर संध्याकाळपर्यंत चित्रासमोर देव्हारा होईल. चित्र काढून घ्यायचं, तर सगळंच मोडलं. मावशींनी आणि त्या आजींनीच मग वाट काढली. पाणी भरलेली पितळी परात ओसरीवर ठेवायची, फूल-हळद-कुंकू तिथे, आणि आत फक्त बघायचं. नोटांची रीतसर पावती करून त्या न्यासाच्या खात्यात भरल्या. संध्याकाळपर्यंत परात भरली आणि आतली घडवंची मोकळी राहिली.

सगळ्यांना हे पटलं नाही. एका काकांनी स्पष्ट विचारलं की देवी भिंतीवर आणि नमस्कार बाहेर, ही कुठली रीत? त्यांना आमच्याकडे समाधानकारक उत्तर नव्हतं आणि आजही नाही. ज्या चित्राला लोक चित्र मानत नाहीत त्याच्यासमोर फुलं ठेवली, की ती सजावट राहत नाही. हे आधी बोलायला हवं होतं, आणि ज्या बायका घरी कानबाई बसवतात त्यांना बोलावून बोलायला हवं होतं.

तापीकाठ आणि छायाचित्र

तापीच्या चित्रासाठी सगळ्यात जास्त साहित्य जमलं आणि सगळ्यात जास्त परत गेलं. दादर ज्वारीची कणसं छान दिसत होती, पण धान्य म्हणजे उंदीर आणि सोंडे. कपाशीच्या पऱ्हाट्यांची वेडीवाकडी रेष कोणालाही मोहात पाडेल अशी, पण मागे राहिलेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी दडलेली असते. कृषी खातं पऱ्हाट्या शेतात ठेवू नका म्हणतं ते याचसाठी. बोंडं काढून, उन्हात वाळवून, झटकून चारच काड्या घेतल्या. पळसाची फांदी एका मुलाला फार हवी होती. पळसाचं फूल दिवसभरात गळतं आणि ओल्या फरशीवर केशरी डाग सोडतं, होळीचा रंग त्याचाच करतात. म्हणून पळस ओसरीवर गेला, दाराशेजारी मोठ्या रांजणात.

शेवटी तापीसमोर काय राहिलं? एक लांब, उथळ, मातकट तबक, त्याच्या एका टोकाला चार पऱ्हाट्या आणि वाळलेलं गवत, बाकी सगळं रिकामं. दोन आडव्या रेषा काढणाऱ्या मुलीचीच ही रचना. अप्पांना ती अपुरी वाटली. “अजून काहीतरी टाका,” असं ते दोनदा म्हणाले. टाकलं नाही. माझ्या मते चारही रचनांत हीच सर्वांत धीट होती.

छायाचित्रासमोर पावसाळ्यानंतर वाळवून ठेवलेला कुरडूचा एक तुरा, बाजूने लावलेला छोटा एलईडी दिवा आणि भिंतीवर पडलेली त्याची सावली. सावली हीच रचना. सुरुवातीला तिथल्या दाराजवळ निशिगंधाच्या कांड्या ठेवल्या होत्या. त्या लहान बंद खोलीत वास इतका दाटला की एका दम्याच्या पाहुण्यांना बाहेर यावं लागलं. तासाभरात निशिगंध अंगणात हलवला.

फुलं रात्री कुठे ठेवायची

हा मुद्दा वरवर किरकोळ दिसतो, पण त्यावर बराच वाद झाला. एका ओळखीच्या व्यापाऱ्यांनी केळी पिकवायच्या रायपनिंग चेंबरमध्ये जागा देऊ केली. आत सोळा-अठरा अंश, स्वच्छ, फुकट. पण तिथे केळी पिकवायला इथिलीन सोडतात आणि पिकणारी केळीही ते सोडत राहतात. याच वायूने फुलं लवकर म्हातारी होतात. कार्नेशन आणि ऑर्किडला तो सर्वात बाधतो, शेवंतीला कमी. आमच्याकडे कार्नेशन नव्हतं, तेव्हा ‘चालून जाईल’ असं म्हणणारेही होते. तरी नकार दिला. एका दूध शीतकरण केंद्राने रिकामा कोपरा दिला, तिथे बादल्या ठेवल्या. देठ पाण्याखाली तिरपे कापायचे, पाण्याखालची पानं काढायची, पाणी दोन वेळा बदलायचं, एवढ्यावर शेवंती आणि गुलाब तिन्ही दिवस टिकले.

काय झालं

माणसं आली, आणि बऱ्याच जणी दुसऱ्यांदा आल्या. ‘काल पान मिटलेलं होतं, आज उघडलं का ते बघायला’ हे कारण अनेकींनी दिलं. चित्रासमोर माणूस किती वेळ उभा राहतो हे आम्ही मोजलं नाही. पण पद्मपाणीसमोर लोक मान तिरकी करून उभे राहताना दिसत होते, आणि काही मुलं तर त्याच्यासारखी कंबर वाकवून उभी राहून बघत होती. कॉलेजमधली काही मुलं इथूनच गाडी काढून अजिंठ्याला जाऊन आली. त्याच डोंगरातून निघालेली वाघूर नदी पुढे जळगावला पाणी पाजते, आणि तरी त्यांच्यातली निम्मी तिथे कधी गेली नव्हती.

प्रदर्शनानंतर ताईंनी चारही चौकटी उघडून तपासल्या. डाग नाही, किडा नाही, कागदाला लहर नाही. पंधरा दिवसांनी त्यांनी पुन्हा पाहिलं, तेव्हाही सगळं ठीक होतं. फुलं तापीत सोडायची नाहीत हे आधीच ठरलं होतं. परातीतल्या फुलांसकट सगळं मागच्या खड्ड्यात गेलं आणि त्याचं खत झालं.

एका बाबतीत वाद झाला आणि तो व्हायला हवाच होता. रचनांशेजारच्या पाट्यांवर विद्यार्थ्यांची नावं होती. मावशींचं नाव मागच्या फलकावर, ‘फुलांचा पुरवठा’ या ओळीत होतं. दुसऱ्या दिवशी विद्यार्थ्यांनीच ते लक्षात आणून दिलं. पाटी बदलली, त्यांचं नाव कानबाईच्या रचनेखाली ‘रचनाकार’ म्हणून आलं. पण त्यांचं बिल मात्र झेंडूच्या किलोच्या भावाने लावलेलं होतं. पहाटे चार वाजल्यापासून ओवण्याची मजुरी त्यात नव्हती. मानधनाची रक्कम न्यासाने नंतर वेगळी दिली, पण त्यासाठी तीन बैठका लागल्या, कारण अंदाजपत्रकात तसं खातंच नव्हतं.

पुन्हा करायचं झालं तर

चार चित्रं जास्त होतात. दोन पुरेत, म्हणजे प्रत्येकाला सरावाचा वेळ मिळतो. कोळशाची तालीम महिनाभर आधी सुरू व्हावी, आणि तिच्यात हार ओवणाऱ्या मावशीही पहिल्या दिवसापासून बसाव्यात, फुलं पोचवायला आल्या तेव्हा नव्हे. त्यांचं मानधन अंदाजपत्रकाच्या पहिल्या पानावर लिहावं.

तारखा जानेवारीत घ्याव्यात. त्यासाठी पळस सोडावा लागेल, पण दुपारचे बंद तास वाचतील आणि लांबच्या गावांतल्या लोकांना एकाच फेरीत बघता येईल. फेब्रुवारीत बरेच जण दुपारच्या एसटीने आले आणि पाच वाजेपर्यंत अंगणात बसून राहिले.

आर्द्रतामापक आधी विकत घ्यावा. या वेळी ताईंनी एका शाळेच्या प्रयोगशाळेतून मागून आणला होता, आणि कूलर बंद करण्याचा निर्णय त्याच्याच आकड्यावर झाला.

देवीची, सणांची चित्रं निवडायची असतील तर त्या सणाच्या बायकांना निवडीच्या बैठकीत बोलवावं. परात ओसरीवर असावी की आत दाराशी, उंबरठ्याच्या अलीकडे, हे त्यांनी ठरवावं. त्या काकांच्या प्रश्नावर तिथेच काही निघेल. मावशींना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, पुढच्या वेळी श्रावणातच करा. ते दिवस पावसाचे आणि दमट, ताई लगेच नको म्हणाल्या. या दोघींचं बोलणं अजून चालू आहे.